रविवारसाठी एक चूक

या सॉफ्टवेअरमध्ये वर जायचं असेल तर आकडा कमी करावा लागतो. हे मला ज्या दुपारी कळलं, त्या दुपारी मी एकटाच ओरडलो, "अरे, हे काय गाढवपण!" जन्मभर सोलापुरातल्या पोरांना गणित शिकवलं. आलेखाच्या कागदावर वर गेलं की अधिक, खाली आलं की उणे, हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की निम्मा खडू माझ्या पोटात गेला असेल. आणि इथं शून्य कुठं, तर पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात. तिथून खाली उतराल तसा आकडा वाढतो. मी माझ्या वर्तुळाला मोठ्या ऐटीत वर जायला सांगितलं आणि ते सरळ खाली जाऊन पडद्याबाहेर पडलं. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी आतून विचारलं, "काय झालं वो सर? कुणावर वरडताय?" मी म्हटलं, "वर्तुळावर." त्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

निवृत्त मास्तर या भानगडीत पडला कसा, ते आधी सांगायला हवं.

मुलगा बंगलोरला असतो. मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहतो आणि मोशन ग्राफिक्स करतो. म्हणजे जाहिरातीत नाव उसळी मारत येतं, ॲप उघडताना टिंबं नाचतात, चौकोनाचा बघता बघता गोल होतो, ते सगळं हलवणारा माणूस. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळा व्हायचो. खरं तर मलाही त्याहून जास्त माहीत नव्हतं. माहिती हिला असायची. आमच्या घरात फोन म्हणजे हिचा फोन. रविवारी सकाळी तो वाजला की ही गॅस बारीक करून बाहेरच्या खोलीत येऊन बसायची आणि तासभर लेकाशी बोलायची. मी शेजारी पेपर उघडून बसायचो. पान उलटायचो नाही, आवाज होतो म्हणून. शेवटी ती म्हणायची, "थांब, बाबांना देते," आणि फोन माझ्या हातात यायचा. मी विचारायचो, बरा आहेस ना? तो म्हणायचा, हो. मी म्हणायचो, बरं मग. फोन परत तिच्याकडे. बापलेकांचं एवढ्यावर भागत होतं, कारण मधे ती होती.

ती गेल्यावर फोन थेट माझ्याकडे यायला लागला. पोरगं गुणाचं, एकही रविवार चुकवला नाही त्यानं. पण बोलायचं काय? "जेवलात का?" "हो. तू?" "हो. ऊन कसं आहे?" "आहे." "पाणी आलं?" "काल आलं." सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे हा एक विषय तरी आम्हाला मिळायचा. मग दोघंही गप्प. त्याच्या मागं गाड्यांचे हॉर्न, माझ्या मागं पलीकडच्या गल्लीतले यंत्रमाग. फोन बंद झाला की घर असं अंगावर यायचं की मी चप्पल घालून उगीच कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचो. मला त्याच्याशी बोलायचं होतं हो. कसं बोलतात तेच येत नव्हतं.

तिच्या वर्षश्राद्धाला आला तेव्हा त्यानं आपला जुना कॉम्प्युटर इथंच ठेवला. "असू दे बाबा, तुम्हाला पिक्चर बघायला होईल." कितीतरी दिवस त्यावर मी टॉवेल टाकून ठेवला होता. मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा माणसाला दुपारभर घरात कोंडून घालतो. पेपर वाचून झाला, झोप काढून झाली, तेव्हा एकदा वाटलं, बघावं तरी पोरगं इतकी वर्षं कशापुढं बसतं.

त्याची एक जुनी फाइल उघडली. एक निळं वर्तुळ वरखाली होत होतं, हौदात बादली हिंदकळावी तसं. माझ्या हातून कुठंतरी क्लिक झालं आणि त्याच्याखाली एक ओळ उघडली. ती वाचली आणि मी चष्मा काढून पुसला. साइन! वेळ घ्यायची, तिचं साइन काढायचं, त्याला शंभरानं गुणायचं. ज्याला दहावीला गणितात पास करताना मला घाम फुटला होता, तो माझा पोरगा साइनवर पोट भरतो आणि मला पत्ता नाही! पुढं कळलं, या ओळीला एक्स्प्रेशन म्हणतात. एरवी वर्तुळ हलवायचं तर आता इथं ठेव, मग तिथं ठेव, असं हातानं सांगत बसावं लागतं. एक्स्प्रेशन लिहिलं की सूत्रच त्याला हलवतं, तुम्ही खुशाल हाताची घडी घालून बसा.

आता सूत्र म्हटल्यावर मी कसला गप्प बसतोय! नवं वर्तुळ काढलं, ओळ लिहिली, आणि ते वर-खालीचं रामायण झालं. मी इतका भडकलो होतो की वार न बघता भर कामाच्या दिवशी त्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्यानं. "बाबा, काय झालं?" आवाज घाबरलेला. मी म्हटलं, "मला काय व्हायचंय? तुझ्या या सॉफ्टवेअरला गणित कुणी शिकवलं? वर जायला आकडा कमी?"

 आणि मग तो हसला. असा खदाखदा हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. आई गेल्यापासून त्याचं हसणं मी ऐकलं नव्हतं. "बाबा, तुम्ही एक्स्प्रेशन लिहिताय? तुम्ही?" मग त्यानं समजावलं की पडद्यावर मोजायचं ते वरून खाली, आपण पान वाचतो तसं. मी म्हटलं, ते असेल, पण चूक ती चूक. यावर आमचं भांडण झालं. चांगलं खणखणीत भांडण. साइनला इथं अंश चालत नाहीत, रेडियन द्यावे लागतात, हेही त्यातच निघालं. जाताना मावशींनी खुणेनं सांगितलं, भाकरी झाकून ठेवलीय. मी बोलतच होतो. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "काल लई येळ बोलला की पोरासंगं. बरं वाटलं बगा." मलाही बरं वाटलं होतं, पण ते त्यांना कशाला सांगू?

तिथून आमची गाडी रुळावर आली. दर रविवारी माझं काही ना काही अडलेलं असायचं. वर्तुळाच्या जागेला दोन आकडे लागतात, आडवा आणि उभा. मी एकच दिला तर पडद्याखाली पिवळी पट्टी आली, इथं दोन हवेत, तुम्ही एक दिलाय. टाइम या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल झालं तर सॉफ्टवेअर त्याला ओळखच दाखवत नाही. तो तिकडून माझा स्क्रीन बघायचा, "दुसरी ओळ, बाबा. नाही नाही, त्याच्या खालची," म्हणायचा, आणि मधेच विषय सुटायचा. साहेब कसा खडूस आहे ते यायचं. माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी व्हायची. आईनं दिलेली शेंगा चटणी मित्रांनी एका बैठकीत कशी फस्त केली होती ते यायचं. त्याची पाठ दुखते. उशीशिवाय झोपतो म्हणे. हे सगळं मला एका न मिटलेल्या कंसाच्या निमित्तानं कळलं.

आणि मग घात झाला. मला ते यायला लागलं.

एका गुरुवारी माझं वर्तुळ चेंडूसारखं जमिनीवर आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं, प्रत्येक उसळी आधीपेक्षा लहान घेत गेलं आणि शेवटी गपगुमान थांबलं. पिवळी पट्टी नाही, काही नाही. मी टाळी वाजवली आणि लगेच कॅलेंडरकडं बघितलं. आता रविवारी विचारणार काय?  मग त्या ओळीतला शेवटचा कंस खोडून टाकला.

रविवारी त्यानं तो बघता क्षणी पकडला. "बाबा, कंस." झालं, पुन्हा ऊन आणि पाणी. तेव्हा लक्षात आलं, चूकसुद्धा नीट करावी लागते. पण त्या बाबतीत माझ्याएवढा तयार गडी जिल्ह्यात मिळायचा नाही. जन्मभर पोरांच्या चुका तपासल्या. कुठली चूक आळशाची, कुठली घाबरटाची, कुठली शेजारच्याचं बघून केलेली, हे मला नाव न वाचता कळायचं. ती विद्या आता कामाला आली. चूक फार लहान नको, तो लगेच मोकळा होतो. फार मोठीही नको, मग तो "फाइल पाठवून ठेवा, सवडीनं बघतो" म्हणतो, आणि ते तर सगळ्यात वाईट. ओळ वाचली तर बरोबर वाटावी, पट्टीही येऊ नये, फक्त वर्तुळानं भलतीकडं जावं, अशी चूक हवी. तसली एक शोधायला मला आख्खा आठवडा लागायचा. मावशी विचारायच्या, "अजून झालं न्हाय व्हय?" मी म्हणायचो, "मनासारखं बिघडत नाहीये."

लबाडी आहे हे मला कळत होतं. कळून काय करणार? रविवारी त्याला ती चूक सापडायची नाही, तो "एक मिनिट हं बाबा" म्हणायचा आणि कळफलकावर बोटं वाजवत, स्वतःशी पुटपुटत बसायचा. ते पुटपुटणं मी डोळे मिटून ऐकायचो. लहानपणी गणित सोडवताना तो अगदी असाच पुटपुटायचा. मग एकदम "सापडलं!" म्हणून ओरडायचा आणि मी म्हणायचो, "अरेच्चा! माझ्या लक्षातच आलं नाही." असं नाटक मला जमेल असं हिला कधी खरं वाटलं नसतं.

दिवाळीनंतर त्याच्याकडं कामाचा जोर वाढला. एका रविवारी आवाज दमलेला होता. मी माझी चूक सांगितली. तो म्हणाला, "बाबा, एक सांगू? हे सगळं तुम्ही एआयला विचारत जा ना. ओळ टाकली की लगेच दुरुस्त करून देतं. आठवडाभर माझी वाट बघत बसायला नको." मी म्हटलं, "वा, हे छानच झालं." दुसरं काय म्हणणार? त्यानं तिथल्या तिथं लिंक पाठवली, कसं वापरायचं ते सांगितलं, आणि फोन संपला.

वापरून बघितलं. माझी आठवड्याची मेहनत त्या यंत्रापुढं टाकली. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर हजर. वर गोड तरी किती! प्रश्न उत्तम आहे म्हणे. आणखी काही मदत करू का म्हणे. मी चिडून दुसरी चूक दिली, मग तिसरी, मग पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवलेली खास. सगळ्या खलास. एकदाही मेल्यानं विचारलं नाही, तुमचा गुडघा कसा आहे. यंत्र कशाला विचारेल, हे मलाही कळतं. तरी राग यायचा तो आलाच. मावशी म्हणाल्या, "आज कुणासंगं भांडण?" मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

त्यानंतरचे रविवार सांगण्यासारखे नाहीत. "एआय जमतंय का बाबा?" "फस्क्लास जमतंय." आणि पुढं तेच. जेवण, पाणी, आणि ऊन नव्हतं तर थंडी. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरली. घरात बसवेना म्हणून संध्याकाळी एकटाच जाऊन आलो. एवढ्या गर्दीत जुने विद्यार्थी भेटले, आता बाप झालेले. पाया पडून विचारलं, "सर, घरी सगळे बरे?" मी म्हटलं, सगळे बरे. घरी आलो, कुलूप काढलं, दिव्याचं बटण चाचपडताना एकाएकी रडू आलं. सत्तरीकडं झुकलेला माणूस पायात चप्पल तशीच ठेवून दारात रडतोय, आणि कारण काय, तर मुलाला विचारायला प्रश्न उरला नाही.

डोळे सुजलेले मावशींना दुसऱ्या दिवशी दिसले असणार. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पोराला सरळ सांगा की, रोज बोलत जा म्हून."

"बोलू काय? रोज काय बोलू?" मी खेकसलोच.

"मला काय म्हाईत? माझी लेक होटगीला दिल्या. ती फोनवर निस्त्या शिव्या घालती बगा मला. पर घालती."

मी उठून बाहेरच्या खोलीत आलो. सांगणं सोपं असतं. मला त्या वाटेनं जायचंच नव्हतं. मी टॉवेल काढला आणि शेवटचा डाव टाकायचा ठरवला. अशी चूक करायची आणि थाप मारायची की एआयनंही हात टेकले.

मी दोन वर्तुळं काढली. एक मोठं, आपल्या वाटेनं पडद्यावर फिरणारं. दुसरं लहान. लहानाला सांगितलं, मोठं वर्तुळ मघाशी जिथं होतं तिथं तू आता जायचं. म्हणजे ते सतत मागून येत राहतं. पहिल्या फटक्यात जमलं. ती फाइल तशीच ठेवली, तिची दुसरी प्रत केली आणि तीत उण्याच्या जागी अधिक घातलं. आता लहान वर्तुळ मोठं अजून पोचलंच नाही तिथं आधीच पळायला लागलं. सुंदर चूक. एका चिन्हाची. शनिवारी रात्री मला छान झोप लागली.

रविवारी त्याचा फोन आला. जेवणाचं विचारायच्या आतच मी म्हटलं, "अरे, एक अडलंय. एआयलाही जमेना."

"काय सांगता! पाठवा बघू."

पाठवली. पलीकडं बोटांचा आवाज सुरू झाला, पुटपुटणं सुरू झालं. मी खुर्चीत मागं टेकलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाबा, ही चालतेय की."

"कुठली चालतेय? लहान वर्तुळ पुढं पळतंय बघ."

"नाही हो. व्यवस्थित मागून येतंय. काहीच चूक नाहीये यात."

"मग ती नाही ती. थांब, चुकीची पाठवतो," मी म्हणालो. "चुकीची वेगळी ठेवलीय."

बोलून गेलो आणि मग कळलं, काय बोललो. पलीकडं बोटं थांबली.

"चुकीची वेगळी ठेवलीय?" तो सावकाश म्हणाला. "बाबा... आधीच्या पण?"

"पहिल्या पहिल्या खऱ्या होत्या. नंतरच्या केल्या."

"का?"

वर्गात असं कोंडीत सापडलेली पोरं पायाच्या अंगठ्याकडं बघायची. मीही बघत बसलो. शेवटी म्हटलं, "करमत नाही रे मला. तुझ्याशी बोलायचं असतं आणि बोलायला काही नसतं. तिला यायचं बोलायला. मला नाही येत." 

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मला तरी कुठं येतं?" तो म्हणाला. "फोन लावायच्या आधी मी गॅलरीत फेऱ्या मारतो, बाबांना आज काय विचारायचं म्हणून. तुमचे ते प्रश्न यायला लागले तेव्हा सुटलो असं झालं होतं मला."

"मग ती लिंक कशाला दिलीस?"

"मला वाटलं, तुम्हाला नुसतं उत्तर हवं असतं. माझ्याकडून घ्यायचं म्हणजे आठवडाभर थांबावं लागतं, त्याचा त्रास होत असेल."

 दोघांनीही फोन ठेवला नाही. त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "बाबा, आई गेली त्या रात्री मी गाडीत होतो. मी पोचेपर्यंत तुम्ही घरात एकटेच होतात ना तिच्याजवळ? मी कधी विचारलंच नाही तुम्हाला."

"हो," मी म्हणालो, "एकटाच होतो." आणि पहिल्यापासून सगळं त्याला सांगायला लागलो.